नाबोथाचा मळा, वसईची विहीर

बायबलच्या जुन्या करारात नाबोथ नावाच्या माणसाची गोष्ट आहे. इज्रेल गावात राजवाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला ती जागा भाजीपाला लावायला हवी होती. त्याने मागणी रीतसर घातली: याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत मोजतो. वाडवडिलांचं वतन देणार नाही, असं नाबोथाने सांगितलं. राजा घरी आला आणि जेवण सोडून, तोंड फिरवून पडून राहिला. पुढचं काम ईजबेल राणीने केलं. राजाच्या नावाने पत्रं लिहिली, त्यांवर राजाचा शिक्का मारला आणि गावच्या वडीलधाऱ्यांकडे रवाना केली. दोन खोटे साक्षीदार उभे राहिले, नाबोथावर देवाची आणि राजाची निंदा केल्याचा ठपका आला आणि गावाबाहेर नेऊन त्याला दगडांनी मारलं. अहाब मळ्याचा ताबा घ्यायला उतरला, तेव्हा एलीया संदेष्टा तिथे जाब विचारायला उभा होता.

या गोष्टीत हाव आहे, कागद आहेत, शिक्का आहे, खोटी साक्ष आहे. मला सगळ्यात जास्त बोचतात ते गावचे वडीलधारे. पत्र आलं आणि त्यांनी सांगितलं तसं केलं. गेल्या चाळीस वर्षांत मुंबईच्या उत्तरेला जमिनीचं जे झालं ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना यातलं एकही पात्र परकं वाटणार नाही.

ख्रिस्ती श्रद्धा आणि पर्यावरण हा विषय निघाला की बोलणं रोमपासून सुरू होतं. पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक, असिसीचे संत फ्रान्सिस, जागतिक परिषदा. ते सगळं महत्त्वाचं आहे आणि त्याकडे येऊच. पण मराठी माणसाने हा विषय वसईपासून सुरू करावा, असं मला वाटतं. ते परिपत्रक निघालं २०१५ साली. त्याच्या पाव शतक आधी वसईच्या देवळांच्या, म्हणजे चर्चच्या, अंगणात, मराठीत, विहिरींबद्दल आणि वाड्यांबद्दल लोक एकत्र येत होते.

वसईचा नकाशा डोळ्यासमोर आणा. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर आणि पश्चिमेला समुद्र. रेल्वेच्या पश्चिमेची पापडी, सांडोर, गास, निर्मळ, भुईगाव, वाघोली, नंदाखाल, आगाशी ही गावं म्हणजे वाड्यांचा सलग पट्टा होता. तुकड्यातुकड्यांनी तो आजही दिसतो. केळी, पानवेली, भाजीपाला, मोगरा, सोनचाफा. राजेळी केळी सोलून, वाळवून केलेली आगाशीची सुकेळी. हा माल पहाटेच्या लोकलने मुंबईला जायचा. नालासोपारा म्हणजे जुनं शूर्पारक. तिथे बौद्ध स्तूप आहे आणि अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे तिथे सापडले आहेत. पोर्तुगीजांचा अंमल १५३४ ते १७३९ असा दोन शतकांचा. त्या काळात इथले अनेक सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती झाले. धर्म बदलला, पण शेत तेच राहिलं, बोली टिकली, आणि पावसावरची भिस्तही तशीच राहिली.

या वाड्या ज्या पाण्यावर उभ्या आहेत ते पाणी फार नाजूक आहे. समुद्रालगतच्या वाळूमिश्रित जमिनीत पावसाचं पाणी मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी खाऱ्याहून जरासं हलकं असतं. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या सांध्यावर डच आणि जर्मन अभियंत्यांनी याचं गणित मांडलं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर ढोबळ मानाने सपाटीखाली चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. आता उलट बाजूने बघा. वरची पातळी एका मीटरने उतरवली, तर खालून खारं पाणी चाळीस मीटर वर सरकू पाहतं. प्रत्यक्षात जमिनीचे थर वेगवेगळे असतात, त्यामुळे हिशेब इतका सरळ बसत नाही. पण दिशा तीच. किनाऱ्यावरची विहीर नुसती आटत नाही, ती खारी होते. आणि खारी झालेली विहीर एका पावसाळ्यात गोडी होत नाही.

इथल्या शेतकऱ्याला हे गणित कागदावर ठाऊक नव्हतं, वागण्यात ठाऊक होतं. विहिरीवर बैलांचा रहाट असे. रहाट पाणी काढतो ते बैलाच्या चालीने. विहिरीला झरे भरायला उसंत मिळते. शिवाय वाडीच्या कडेला बावखल. बावखल म्हणजे खोदलेलं, पावसाच्या पाण्याचं तळं, बऱ्याचदा चारदोन कुटुंबांच्या सामाईक मालकीचं. पावसाळ्यात आजूबाजूचं पाणी त्यात उतरायचं, हळूहळू जमिनीत मुरायचं, विहिरींना भरायचं आणि खाऱ्या पाण्याला मागे रेटायचं. उन्हाळ्यात त्यातला गाळ उपसायचा. वसईच्या किनारपट्टीवर अशी बावखलं गावोगाव होती. विजेचे पंप आले तसे रहाट गेले, आणि जमिनीला भाव आला तशी बावखलं भरावाखाली गेली. सामाईक मालकीची वस्तू विकायला एकाची सही पुरत नाही, पण तिच्यात कचरा आणि डबर टाकायला कुणाचीच सही लागत नाही.

१९८०च्या दशकात मुंबई उत्तरेकडे सांडू लागली. वसईच्या जमिनी बांधकामाला मोकळ्या करण्याचे निर्णय झाले आणि १९९०मध्ये वसई-विरार परिसरासाठी सिडकोची नेमणूक झाली. इमारती आधी उभ्या राहिल्या, नळाचं पाणी मागाहून यायचं होतं. मधल्या काळात नव्या वस्तीला आणि बांधकामाला पाणी कुठून? गावातल्या विहिरींतून, टँकरने. दिवसरात्र पंप चालले आणि टँकर भरून गेले. विहिरींचं पाणी खाली गेलं, मग मचूळ झालं, मग काही ठिकाणी पानवेलीला घालण्याच्याही लायकीचं राहिलं नाही.

या टप्प्यावर ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली आणि तिच्या अग्रभागी एक धर्मगुरू होते, फादर फ्रान्सिस दिब्रिटो. जन्म १९४२चा, नंदाखालचा. १९८३ ते २००७ ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. मराठी वाचकाला ते ‘सुबोध बायबल’मुळे आणि उस्मानाबादच्या २०२०च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून माहीत आहेत, २०२४च्या जुलैमध्ये ते गेले. साहित्यिक म्हणून त्यांच्यावर बरंच लिहिलं गेलं. मला त्यांचं मोठं काम हे वाटतं की त्यांनी विहिरीचा प्रश्न प्रवचनाच्या जागेवर आणला. टँकर लॉबी, बिल्डर लॉबी हे शब्द तेव्हा वर्तमानपत्रांतही जपून छापले जात. त्या काळात हा माणूस गावोगाव सभा घेत होता. धमक्या आल्या. धर्मगुरूने देऊळ सांभाळावं, पाण्याच्या भानगडीत पडू नये, असं सांगणारे बाहेर होते तसे आतही होते. समिती मात्र एका धर्माची राहिली नाही. विहीर ख्रिस्ती आणि हिंदू दोघांचीही खारी होत होती, म्हणून मोर्च्यात दोघेही होते. बायका मोठ्या संख्येने होत्या, कारण घरातलं पाणी त्यांच्या डोक्यावर होतं.

लढा जिंकला का, या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. रेल्वेच्या पूर्वेला आणि स्टेशनांभोवती सिमेंटचं रान झालंच. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली होती. २००९ साली चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून महापालिका झाली. गावं पेटून उठली, २०११मध्ये सरकारने २९ गावं वगळण्याचा निर्णय घेतला आणि मग प्रकरण वर्षानुवर्षं न्यायालयात राहिलं. २०१६मध्ये मुंबई महानगर प्रदेशाचा प्रारूप आराखडा आला, तेव्हा हरित पट्ट्यावरची बंधनं सैल होतील या धास्तीने पुन्हा गावागावांतून हरकती गेल्या. तरीही पश्चिमेच्या गावांत आज केळीची पानं हलताना दिसतात. ती आपोआप उरलेली नाहीत, माणसांनी अडवून धरलेली आहेत.

आता थोडं धर्मशास्त्राकडे. १९६७ साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराचा एक निबंध ‘सायन्स’ साप्ताहिकात आला आणि आजवर तो चर्चच्या छातीत रुतून बसला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पर्यावरणाच्या संकटाची मुळं पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आणि बाकीची सृष्टी त्याच्या उपयोगासाठी, ही समजूत या धर्माने रुजवली, झाडातला आणि झऱ्यातला देव हटवला आणि कुऱ्हाडीला मोकळं रान दिलं. व्हाइट स्वतः ख्रिस्तीच होता. निबंधाच्या शेवटी त्याने सुचवलं की पर्यावरणवाद्यांनी असिसीच्या फ्रान्सिसला आपला आश्रयदाता संत मानावं. बारा वर्षांनी, १९७९मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांनी नेमकं तेच जाहीर केलं. टीका पचवायला चर्चला बारा वर्षं लागली. संस्थेच्या मानाने ही गती वाईट नाही.

व्हाइटचा आरोप मला अर्धा पटतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातली सत्ता गाजवण्याची आज्ञा वसाहती करणाऱ्यांनी सोयीने वापरली, हा इतिहास आहे. पण त्याच ग्रंथात लेवीय नावाचं पुस्तक आहे आणि त्यातला पंचविसावा अध्याय भूमापन कार्यालयाच्या भिंतीवर लावावा असा आहे. सहा वर्षं पेरा, सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या. पन्नासाव्या वर्षी विकलेली शेतजमीन मूळ कुळाकडे परत जावी. जमीन कायमची विकायची नाही, कारण ती देवाची आहे आणि तुम्ही तिच्यावर उपरे, पाहुणे म्हणून राहता. नाबोथाचा नकार या कायद्यातून आलेला आहे. त्याच्या लेखी तो मळा त्याचा नव्हताच. बापाकडून आला होता आणि मुलांकडे जायचा होता.

२०१५च्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी हे धागे एकत्र ओढले. नाव संत फ्रान्सिस यांच्या सृष्टिस्तोत्रातलं, परिच्छेद २४६, आणि उद्देशून फक्त कॅथलिकांना नव्हे, तर पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येकाला. मला त्यात दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक, पृथ्वीचं रडणं आणि गरिबाचं रडणं वेगळं काढता येत नाही, हा त्याचा गाभा. दुसरी, पिण्याच्या शुद्ध पाण्यावरचा हक्क हा माणसाचा मूलभूत हक्क आहे आणि त्याचा नुसता बाजारी माल करणं अन्याय आहे, ही स्पष्ट भूमिका. त्यात ऑर्थोडॉक्स चर्चचे महागुरू बार्थोलोम्यू यांचा आदराने उल्लेख आहे. त्यांनी १९९७ सालीच सांगितलं होतं की सृष्टीला इजा करणं हे पाप आहे. पाप हा शब्द त्यांनी जाणूनबुजून वापरला.

तो शब्द वसईत आणला की बोलणं अवघड होतं आणि इथेच मला या लेखाचं खरं म्हणणं मांडायचं आहे. टँकर बाहेरून आले, पण विहिरी आपल्याच माणसांच्या होत्या. जमिनी घेणारे मुंबईचे असतील, विकणारे रविवारी त्याच मिस्साला बसत होते. विकणाऱ्याची अडचण खोटी नसते. मुलीचं लग्न, मुलाचं परदेशी शिक्षण, आजारपण, वाटण्या होऊन उरलेली चार गुंठ्यांची पट्टी, मजूर न मिळणं. त्याला पापी ठरवून कुणाचंही भलं होणार नाही. पण एका विहिरीवर चोवीस तास पंप लागला की शेजारची विहीर खारी होते, हे जमिनीखालचं सत्य आहे. पाण्याला बांध ठाऊक नाही. विकणाऱ्याच्या हाती पैसे येतात आणि ज्याने विकलं नाही त्याची केळ जळते. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, या आज्ञेचा याहून रोकडा अर्थ मला माहीत नाही. अनेक ख्रिस्ती पर्यावरणवादी सृष्टीच्या सौंदर्यापासून सुरुवात करतात. पक्षी, फुलं, निर्मात्याची स्तुती. त्यालाही आपल्याकडे मोठी परंपरा आहे, रेव्हरंड ना. वा. टिळकांची निसर्गकविता शाळेत शिकून पिढ्या वाढल्या. पण सौंदर्याच्या नावाने टँकर थांबत नाही. शेजाऱ्याच्या नावाने कधीकधी थांबतो.

याला दुजोरा देणारं एक उदाहरण वसईहून बरंच दूर, नगर जिल्ह्यात आहे. हरमान बाखर नावाचे स्विस जेझुइट धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि त्यांनी आयुष्याची अनेक दशकं त्या दुष्काळी मुलखात घालवली. पाणलोट क्षेत्र विकासाचा इंडो-जर्मन कार्यक्रम उभा करण्यात त्यांचा पुढाकार होता आणि त्या कामाला बळ देण्यासाठी १९९३ साली ‘वॉटर’ ही संस्था स्थापन झाली. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्यातलं गाजलेलं गाव. पर्जन्यछायेतलं, उन्हाळा लागला की टँकरची वाट बघणारं. तिथे १९९६पासून काम झालं ते माथा ते पायथा या क्रमाने. आधी डोंगरमाथ्यावर समतल चर आणि झाडं, मग उतारावर बांधबंदिस्ती, शेवटी ओढ्यावर बंधारे. क्रम उलटा केला तर वरची माती वाहून येऊन बंधारे पहिल्या दोन पावसाळ्यांत गाळाने भरतात.

तांत्रिक भाग सोपा होता. अवघड होती चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. डोंगर मोकळा सोडायचा तर मेंढ्या कुठे न्यायच्या? ज्याची शेती पायथ्याला त्याला पाणी मिळणार, ज्याच्याकडे फक्त मेंढ्या त्याचं कुरण जाणार. म्हणून ग्रामसभा, म्हणून भांडणं, म्हणून टप्प्याटप्प्याने बंदी, म्हणून श्रमदानाची अट. पाणलोटाच्या कामात खरा घाम इथे गळतो, चर खोदताना नव्हे. गावातल्या बहुसंख्यांचा चर्चशी काही संबंध नव्हता आणि पाणी अडवताना कुणी कुणाची श्रद्धा विचारत नव्हतं. बाखर यांची श्रद्धा त्यांना तिथे घेऊन आली आणि इतकी वर्षं धरून राहिली. मला ती पुरेशी साक्ष वाटते.

वसईच्या देवळांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळात आणायच्या, त्यांना आशीर्वाद द्यायचा, मग घरी न्यायच्या. गोव्यात याच जातीचा कणसांचा सण ऑगस्टपासून सुरू होतो. राय गावचा ५ ऑगस्टचा विशेष प्रसिद्ध. दोन्हीकडे अडचण सारखी होत चालली आहे. सण थाटात होतो आणि भात लावणारे कमी होतात. गोव्यात खाजन शेती, म्हणजे बांध आणि मानशी (बांधातली पाण्याची दारं) यांच्या जोरावर खाऱ्या पाण्याला थोपवून केलेली शेती, बांधांची देखरेख सुटल्यामुळे जागोजागी खाऱ्यात गेली. आगेऱ्याला लोंब्या आणायच्या तर त्या ज्या शेतातून येतात ते शेत देवळाच्या चिंतेचा विषय असलाच पाहिजे. वर्षातून एकदा लोंबीला आशीर्वाद आणि उरलेलं वर्ष शेताकडे पाठ, हे मला बघवत नाही.

आणखी एक गोष्ट वसईकरांना सांगायला हवी आणि ती गोड नाही. विहिरींवरचा टँकरचा ताण पुढे काही अंशी कमी झाला तो नळाचं पाणी आल्यामुळे, आणि ते पाणी येतं पालघर जिल्ह्यातल्या सूर्या प्रकल्पातून. डहाणू-पालघर भागातल्या शेतीला पाणी मिळावं म्हणून धामणीचं धरण बांधलं गेलं. आता एमएमआरडीएच्या प्रादेशिक योजनेतून दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी शहरांकडे न्यायचं ठरलं: १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. आपल्या शेतीचं पाणी शहराकडे वळतंय म्हणून तिथल्या आदिवासींनी विरोध केला, तो अगदी हरित वसईच्याच शब्दांत. आमचं पाणी, आमची शेती, आम्हाला न विचारता. चाळीस वर्षांपूर्वी वसईची विहीर जिथे होती तिथे आज आदिवासीचा कालवा आहे, आणि मुंबईच्या जागी वसई. शहराला पाणी नको असं कुणी म्हणणार नाही. इमारतीत राहणाराही माणूसच आहे, बहुधा कर्ज काढून घर घेतलेला. पण ज्या धर्मप्रांताने विहिरीसाठी लढण्याची परंपरा निर्माण केली, त्याने कालव्याच्या बाजूने बोललं पाहिजे. तिथे राहणारा शेजारी दुसऱ्या तालुक्यातला आहे, एवढाच फरक.

२०१८च्या जुलैत वसई-विरार अनेक दिवस पाण्याखाली होतं. वीज नव्हती, गाड्या बंद, मिठागरांतली माणसं अडकलेली. पाणथळ जागा आणि नैसर्गिक नाले भरावाखाली गेल्यावर पाणी जाणार कुठे, हे त्या आठवड्यात इमारतीतल्यांनाही कळलं. पूर आणि खारी विहीर ही एकाच चुकीची दोन रूपं आहेत. मुरायचं पाणी मुरू दिलं नाही, म्हणून पावसाळ्यात ते घरात शिरतं आणि मे महिन्यात विहिरीत नसतं.

म्हणून बावखलाकडे परत जायला हवं. वसईत तरुण मंडळी बावखलं वाचवायचा प्रयत्न करत आहेत, गाळ काढत आहेत, भराव दिसला की तहसील कार्यालयात जात आहेत. त्यांच्या हाताशी धर्मग्रामांची मोठी यंत्रणा आहे, ती अजून पुरती वापरलेली नाही. प्रत्येक देवळात बाप्तिस्म्यांची, लग्नांची, मृत्यूंची नोंदवही असते. जुन्या घराण्यांच्या वंशावळी त्यांतून शोधता येतात. त्याच कपाटात विहिरींची आणि बावखलांची वही का असू नये? गावात किती विहिरी, किती बावखलं, कुणाच्या सामाईक, कोणत्या बुजल्या, कोणत्या खाऱ्या झाल्या. पाण्याचा खारेपणा मोजायचं खिशात मावणारं यंत्र महाग नाही आणि शाळेतली मुलं ते वापरू शकतात. मोजणी वर्षातून दोनदा करायची, मे अखेरीस आणि आगेऱ्याच्या आठवड्यात. आकडे देवळाच्या फलकावर मिस्साच्या वेळांशेजारी लावायचे, आणि हिंदू शेजाऱ्यांच्या विहिरीही त्याच यादीत घ्यायच्या.

अशा दहा वर्षांच्या नोंदी हाती असत्या तर आराखड्यावरच्या हरकतीला वेगळं वजन आलं असतं. अधिकारी भावनेला नकार देऊ शकतो. गावनिहाय, सालनिहाय आकड्यांना नकार देताना त्याला कारण लिहावं लागतं. देवळाच्या स्वतःच्या आवारापासूनही सुरुवात करता येईल. अनेक देवळांची अंगणं गेल्या वीस वर्षांत गाड्या लावण्यासाठी फरसबंद झाली आहेत. ती फरशी अर्धी जरी उखडली आणि छपराचं पाणी आवारातल्या विहिरीत सोडलं, तर पुढच्या पावसाळ्यात त्या विहिरीत काय फरक पडला हे वहीत पहिल्या पानावर लिहिता येईल.